वरचं दूध

आमच्या घरात दुपार हिरवी असते. थापा मारत नाहीये, खरंच हिरवी. पुढे नवऱ्याचं शोभेच्या माशांचं दुकान, मागे आमची खोली, आणि मधे भिंतीच्या जागी काचेचे टँक, तीन फळ्यांवर सहा-सहा. दुकानाच्या दारातून आलेलं ऊन पाण्यातून गाळून आमच्याकडे पोचतं आणि छतावर हलत बसतं. पलीकडून गिऱ्हाईक वाकून बघायला लागलं की इकडून त्याचं नाक मोठं आणि कान वाकडे दिसतात. लग्नानंतर पहिला महिनाभर मी नुसती हसत होते. मग सवय झाली.

लेक झाल्यावर मात्र मला काचेचा राग यायला लागला. ती पाच आठवडे आधीच आली. एवढी घाई कुणाची घेतली कोण जाणे, आमच्यात तर कुणी स्वतःच्या लग्नालाही वेळेवर पोचत नाही. एक किलो नऊशे ग्रॅम. पहिले अठरा दिवस ती हॉस्पिटलात काचेच्या पेटीत होती. नाकात नळी, नळीतून दूध, आणि ते सोडायला नर्स. मी दिवसातून चारदा जायची, हात धुवायची, झगा चढवायची आणि पेटीबाहेर उभी राहायची. नर्स म्हणायची, "आई, बघून घ्या हं." बघून घ्या! नऊ महिने नाही तरी आठ महिने जिला पोटात वागवलं, तिला बघून घ्यायचं आणि घरी जायचं. घरी येऊन बघते तर इथेही काचाच.

ती घरी आली तेव्हा तिचं तोंड सारखं उघड-मीट चालायचं. दुकानातल्या बारक्या गप्पी माशांचं चालतं तसंच. नवऱ्याने तिचं नाव गप्पी ठेवून टाकलं. खरं नाव नंतर बघू म्हणाला, आणि ते राहूनच गेलं.

गप्पी अंगावर प्यायला लागायची आणि पाच-सहा घोटांत दमून झोपायची. तिच्या ओढण्यात जोर नव्हता. आणि दुधाचं असं आहे की ते मागेल तसं येतं. न मागणाऱ्यासाठी कोण कशाला थांबतंय? आठवड्यात तिचं वजन वाढायच्या ऐवजी पन्नास ग्रॅम उतरलं. डॉक्टरांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या आणि म्हणाले, "वरचं दूध सुरू करा."

सासूबाईंनी बाटली आधीच आणून ठेवली होती. "त्यात रडायचं काय गं? तुझ्या नवऱ्याला मी बाटलीवरच वाढवला. बघ, कसा टोणगा झालाय."

टोणगा दारात उभा राहून ऐकत होता. त्याला हसावं की वाईट वाटून घ्यावं ते कळेना.

सासूबाईंचं चुकत नव्हतं. बाटलीवरची पोरंही धडधाकट वाढतात, मला काय ते कळत नाही? पण बाटली कुणीही देऊ शकतं. नवरा देऊ शकतो, सासूबाई देऊ शकतात, शेजारीण येता-जाता देऊन जाईल. आधीच अठरा दिवस तिला सगळ्यांनी पाजलं होतं, एक मी सोडून. मला ती अंगावर प्यायला हवी होती. बस. हे बोलायला गेले तर हुंदका फुटला, आणि सासूबाईंनी बाटली मुकाट्याने कपाटात ठेवली. कुलूप नाही घातलं तेवढं.

मग सिस्टर आल्या. या घरोघरी जाऊन बाळंतिणींना बघणाऱ्या सिस्टर. जाड भिंगाचा चष्मा, खांद्याला ही भली मोठी पिशवी आणि आवाज असा की टँकमधले मासे कोपऱ्यात जाऊन बसले. त्यांनी पिशवीतून एक लहानशी बाटली काढली. तिच्या झाकणातून शेवईसारखी बारीक, मऊ नळी निघालेली, आणि नळीवर निळा चिमुकला चिमटा.

"हे बघ मुली," त्या म्हणाल्या. "बाटलीत वरचं दूध. नळीचं टोक तुझ्या छातीशी, चिकटपट्टीने लावायचं. बाळ तुझ्यापाशीच पिणार. तुझं जे काय येईल ते तुझं, कमी पडेल ते नळीतून. तिला वाटेल सगळं आईचंच. आणि ती जितकी ओढेल तितकं तुझं वाढत जाईल."

"म्हणजे फसवायचं?"

"पोट भरून फसवायचं. कोण तक्रार करतंय?"

नवरा खूश झाला. त्याचा जन्म नळ्यांत गेलाय. म्हणाला, "एवढंच ना? असली नळी माझ्याकडे रीळभर पडलीय!"

"खबरदार!" मी ओरडले. "माझ्या पोरीला टँकची नळी?"

सिस्टर इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. नळी यातलीच वापरायची, प्रत्येक वेळी धुऊन, सांगितली तशी उकळून, असं त्यांनी त्याला तीनदा बजावलं. त्याने तीनदा मान डोलावली. जाताना त्या म्हणाल्या, "बाटली छातीच्या पातळीला ठेवायची. हे महत्त्वाचं."

पुढचे दहा दिवस मला नीट आठवतच नाहीत. आठवतात त्या दुपारी. खिडकीजवळच्या खुर्चीत मी, मांडीत गप्पी, भिंतीच्या खिळ्याला टांगलेली बाटली. टँकच्या पंपांची बुडबुड दिवसभर चालूच असते, पण तेव्हा ती माझ्या डोक्याच्या आत चालली होती. नवरा सगळं लावून द्यायचा, बाटली, पट्टी, नळी, आणि शेवटी चिमटा सोडायचा. त्याच्या हातांना एक जुनी शिस्त आहे. एकदा टँकचं पाणी बदलताना नळी तशीच सोडून तो फोनवर बोलत बसला आणि विसरून झोपला. रात्रीत दुकानभर पाणी आणि सोळा मासे फरशीवर. तेव्हापासून त्याचा नियम, नळीवरचा हात काढायचा तर आधी चिमटा लावायचा. झोपेत उठवला तरी तो आधी चिमटा शोधेल.

मी पाजता पाजता पेंगायची. एकच स्वप्न पडायचं. मी टँकच्या आत बसलेय, केस पाण्यात वर तरंगतायत, आणि बाहेर गप्पी उभी आहे, एवढीशी, मोठ्या माणसाचा झगा घालून. काचेला नाक लावून म्हणतेय, "आई, बघून घेते हं." मी तोंड उघडते तर बुडबुडे. दचकून जागी व्हायची तर गप्पी मांडीतच असायची, गिळत, शांत, आणि छतावरचं ऊन हलत असायचं. बाटली कधीच रिकामी झालेली.

वजन वाढलं. रोज चाळीस-चाळीस ग्रॅम. दुकानात माशांचं खाणं तोलायचा काटा आहे, त्याच्या परातीत टॉवेल घालून नवरा तिला निजवायचा आणि आकडा मार्करने टँकच्या काचेवर लिहायचा. इकडून मला तो उलटा दिसायचा. सासूबाई म्हणाल्या, "थेंबे थेंबे तळे साचे." सगळे खूश. मीच गप्प होते. मला कळत होतं, पण कबूल करवत नव्हतं. माझी छाती दिवसेंदिवस हलकी होत चालली होती. पूर्वी सकाळी भरून यायची, ठसठसायची, ते थांबलं होतं. तळं साचत होतं ते वरच्या दुधाचं. माझ्याकडे थेंबही उरत नव्हता.

अकराव्या दिवशी सिस्टर आल्या. दोन मिनिटं नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी मान वर केली. आणखी वर केली.

"हा खिळा कुणी मारला?"

मीही वर बघितलं. खरं सांगते, दहा दिवसांत मी एकदाही वर बघितलं नव्हतं. बाटली माझ्या डोक्याच्याही हातभर वर होती. खाली भिंतीवर एकाखाली एक भोकं, माझ्या खांद्यापर्यंत. कुणीतरी रोज थोडा थोडा वर चढवत नेला होता खिळा.

"मी," नवरा टँकच्या कडेशी उभा होता. "वर ठेवली की आपोआप उतरतं ना. सायफन. ती फार दमायची हो. घामेजून जायची. मला बघवेना."

सिस्टर चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आपोआप उतरतं, बरोबर," त्या म्हणाल्या. "म्हणून ती ओढतच नाहीये. बघ, नुसती गिळतेय. आणि ओढत नाही म्हणून आईचं दूध चाललंय आटत. अजून दहा दिवस असं चाललं असतं तर मग मला बोलावून काही उपयोग नव्हता."

त्या गेल्यावर मी जे तोंड सोडलं ते दुकानातल्या गिऱ्हाइकांनी ऐकलं असणार. "तुला शहाणपणा करायला कुणी सांगितलं होतं? मला विचारायचं नाही? मी काय तुझा टँक आहे? वरून ओतलं की झालं?"

तो खाली मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "हॉस्पिटलात तू आत जाऊन उभी तरी राहायचीस. मला दाराबाहेरच थांबवायचे. दाराला गोल काच होती, तिच्यातून तुझी पाठ दिसायची. मला वाटलं, आता घरी आलीय तर हिला कशाचाच त्रास नको."

राग असा मधेच विझला की मला अजून राग आला. मी दोन दिवस अबोला धरला. बोलायची फक्त कामापुरती, "नळी", "पट्टी", "चिमटा".

डॉक्टरांकडे गेलो तर त्यांचं एकच म्हणणं. "पुढच्या चौदा दिवसांत तीनशे ग्रॅम वाढले पाहिजेत. तुमच्या या नळीने जमलं तर उत्तम. नाही जमलं तर बाटली. मी बाळ बघणार, तुमचा हट्ट नाही." तेही बरोबरच बोलत होते. सगळे बरोबरच बोलत होते, हीच तर पंचाईत होती.

सिस्टरांनी हिशेब घालून दिला. रोज खिळा चार बोटं खाली. पाजायच्या आधी आणि नंतर, दिवसातून एकदा, काट्यावर घालायचं, म्हणजे पोटात किती गेलं ते कळेल. ती रडेल, रडू द्यायचं थोडं. मलूल पडली, लघवी कमी झाली, तर लगेच फोन.

ती रडली. बाई गं, काय रडली! आपोआप मिळत होतं ते मिळेना म्हटल्यावर तिने आकांत मांडला. माझ्याकडे अशी बघायची की मीच तिचं काहीतरी लपवून ठेवलंय. तोंडात घ्यायची, सोडायची, लाल व्हायची. पहिल्या दिवशी वजन दहा ग्रॅम वाढलं. दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी शून्य. सासूबाईंनी कपाट उघडलं, बाटली काढून ओट्यावर ठेवली आणि काही न बोलता पोळपाट पुसत बसल्या. पोळपाट कोरडा होता.

"आई, अजून चार दिवस द्या," मी म्हटलं.

"मी काही म्हटलंय का?"

"बाटली म्हणतेय ना."

त्यांनी बाटलीवर पातेलं पालथं घातलं. त्यांच्या परीने तो तह होता.

चौथ्या दिवशी गप्पीने ओढलं. सलग बारा वेळा, मग थांबून श्वास, मग पुन्हा. तिच्या कानामागचा बारीकसा स्नायू हलायला लागला. नवरा समोर उकिडवा बसून बघत होता, नवीन मासा आणला की बघतो तसा. म्हणाला, "जबडा चालायला लागला बघ." अबोला तिथेच सुटला, कारण मी "हो ना!" म्हणून बसले होते.

खिळा उतरत गेला. डोक्याच्या वरून डोक्याशी, कानाशी, खांद्याशी. वजन वाढत होतं, कधी वीस, कधी तीस. पण त्यात नळीचं किती आणि माझं किती, ते कोण सांगणार? बाटली रोज रिकामी व्हायचीच. माझ्या मनात किडा वळवळायचा की पोरगी शिकली, पण शिकली ती नळीतून ओढायला. माझ्यात काही नाहीच, मी नुसती नळी धरून ठेवायचा खिळा आहे. हे मी कुणाला बोलले नाही.

बाराव्या दिवशी दुपारी बाटली खुर्चीच्या हातावर आली, छातीच्याही खाली. आता वरून आपोआप काही येणार नव्हतं. नवऱ्याने गप्पीला काट्यावर घातलं, काचेवर आकडा लिहिला. मला आणून दिलं. पट्टी लावली, नळी लावली, चिमटा सोडला, आणि तेवढ्यात दुकानाची घंटा वाजली. कुणीतरी हाक मारली. "आलो, आलो," म्हणत तो गेला.

गप्पी लागली. ऊन छतावर हलत होतं. पंप बुडबुडत होते. माझा डावा हात बधिर झाल्यासारखा वाटला, खांद्यापासून झिणझिण्या आल्या, छातीत काहीतरी आवळून सुटलं. म्हटलं हात झोपला. मग मीही झोपले. या वेळी स्वप्नात टँक होता, पण त्याला काचाच नव्हत्या. पाणी नुसतं उभं होतं, आपल्या मर्जीने, आणि त्यात मी आडवी, आणि कुणीतरी मला एका बारीक धाग्याने ओढत होतं. ओढायचं, थांबायचं, ओढायचं. कुठे नेतंय ते विचारावंसंही वाटत नव्हतं. घाई कुणालाच नव्हती.

जाग आली ती नवऱ्याच्या आवाजाने. "अगं! अगं, हे काय!"

तो बाटली हातात धरून उभा होता. बाटली काठोकाठ भरलेली. आणि नळीवर निळा चिमटा, घट्ट लावलेला.

"मी लावला," त्याचा चेहरा पांढराफटक. "घंटा वाजली, हात काढला, आणि... सवयीने... अगं, ती अर्धा तास उपाशी ओढतेय!"

मी गप्पीकडे बघितलं. ती गाढ झोपली होती, मूठ उघडी, मान कलंडलेली. दमून झोपलीय. पहिल्यासारखी. डॉक्टर म्हणाले होते, झोपलेलं प्रत्येक बाळ पोट भरलेलंच असतं असं नाही. "उठव तिला," मी म्हटलं, "आई, बाटली आणा!" बाटली आणा म्हणणारी मीच होते. सासूबाई पातेलं आपटून, बाटली भरून धावत आल्या.

"थांब, आधी काट्यावर," नवरा म्हणाला.

"काटा कसला बघतोस, मेल्या, पोरगी उपाशीय!" सासूबाई ओरडल्या.

पण तोवर त्याने तिला उचलून नेलं होतं. मी मागोमाग, पदराचं भान नाही, दुकानात गिऱ्हाईक उभं, त्याने बिचाऱ्याने तोंड फिरवून गोल्डफिशकडे बघायला सुरुवात केली. टॉवेलवर गप्पी. आकडा हलला, हलला, थांबला. नवऱ्याने काचेवर लिहिलेल्या आकड्याकडे बघितलं. पुन्हा काट्याकडे बघितलं. तिला उचललं, काटा शून्यावर आणला, पुन्हा ठेवलं. तोच आकडा.

"पंचावन्न," तो म्हणाला.

"कमी?"

"जास्त. पंचावन्न ग्रॅम जास्त."

पंपांची बुडबुड तेवढी चालू होती. गप्पीच्या ओठांच्या कोपऱ्यातून एक पांढरी रेघ निघून गळ्याच्या वळीत साचली होती. सासूबाईंनी ती बोटाने पुसली, बोट बघितलं, मग नवऱ्याच्या हातातली भरलेली बाटली बघितली. त्यांच्या हातातही एक भरलेली बाटली होतीच.

"मग ही प्यायली तरी कुणाचं?" नवरा म्हणाला. इतका हुशार माणूस, पाण्याचं सगळं कळतं त्याला, पण दुधाचं काही कळत नाही.

"माझं," मी म्हटलं.

माशांच्या खाण्याच्या गोणीवर मी बसकण मारली आणि भोकाड पसरलं, गिऱ्हाइकासमोर, सासूबाईंसमोर, अठराच्या अठरा टँकांसमोर. गप्पी दचकून जागी झाली आणि तोंड उघडून मला शोधायला लागली. नवऱ्याने तिला माझ्या हातात दिलं, आणि बाटली खाली ठेवायच्या आधी चिमटा नीट लागलाय ना ते बघून घेतलं.